सुटं आणि सुटणारं

"मग आणखी काय बांधायचं राहिलं, चाचा? सांगा ना!"

रणधीर जीपचा मागचा दरवाजा उघडून उभा होता. बशीरचाचा स्टुलावर बसून बघत होते. मी शेजारचा पंक्चरवाला. हातात ट्यूब होती, कान तिकडंच.

घाटात अडकलेल्या गाड्या ओढून काढण्यात चाचांची चाळीस वर्षं गेली. रणधीर त्यांचा चेला. शिकला झटपट, आणि तितक्याच झटपट शेफारला.

त्यानं मागं लोखंडी पेटी ठोकून घेतली होती. ओढायचा दोर, जॅक, मुठीएवढ्या लोखंडी कड्या, सगळं आत. वर जाळी, जाळीवर पट्टे, पट्ट्यांना निरगाठी. पेटीला कुलपं दोन!

"समज, जीप ओढ्यात आहे," चाचा म्हणाले. "पाणी चढतंय. दोर दे."

रणधीर वाकला. गाठ सुटेना. नखं झाली, दात लावून झाले. मग किल्ली सापडेना. माझी एक ट्यूब चिकटवून झाली, तरी हा तिथंच.

"बुडालो," चाचा म्हणाले.

"चेष्टा करू नका, चाचा."

"चेष्टा कोण करतंय? तेव्हा सगळं सुटं टाकलं होतंस. आता देवाच्यानंसुद्धा सुटायचं नाही."

'तेव्हा' म्हटल्याबरोबर रणधीरचा चेहरा उतरला.

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. उतारावर जीप आदळली आणि नाकावर उभी राहिली. मागं सुटी पडलेली कडी उडाली, ती पुढच्या सीटवरच्या भाल्याच्या डोक्यात. भाल्या म्हणजे रणधीरचा लहानपणापासूनचा दोस्त. अख्खा घाट बडबडत जायचा, आम्ही वैतागायचो. आता एक वाक्य पुरं करायचं तर त्याला घाम फुटतो. वाईट झालं हो, फार वाईट.

चाचांनी दातांनी निरगाठी सोडवल्या नाहीत, सरळ कापल्या. किल्ली शोधून पेटी उघडायला लावली. एक कडी पट्ट्यात अडकवली, फेरा दिला, खेचला, टोकाची घडी आत सरकवली. सुरगाठ. आमच्या बायका पिठाच्या पिशवीला मारतात, तीच.

"हलव."

रणधीरनं दोन्ही हातांनी हिसके दिले. कडी जागची हलली नाही.

"टोक ओढ."

ओढलं. कडी हातात आली.

"सुटं नको. सुटणारं पाहिजे."

रणधीर हातातल्या कडीकडं बघत राहिला...

"तुम्हीच सांगितलं होतंत," तो हळूच म्हणाला. "सामान हाताशी ठेव, वेळेला झटकन मिळालं पाहिजे. म्हणून मी बांधलं नव्हतं."

माझं डोकंच फिरलं. स्वतःचा निष्काळजीपणा म्हाताऱ्याच्या गळ्यात मारतोय! बोलणारच होतो, पण चाचांनी हात वर केला.



"सांगितलं होतं," ते म्हणाले. "बांध, हे नाही सांगितलं. एवढं तर कळेलच, असं धरून चाललो."

"चाचा, मला तसं म्हणायचं नव्हतं..."

"भाल्याला भेटलास?"

"नाही."

"दोन महिन्यांत?"

"काय तोंड घेऊन जाऊ? म्हटलं, आधी हे नीट करावं. मग जाऊन सांगता येईल, भाल्या, आता काही उडणार नाही..." त्याला पुढं बोलवेना. मनगटानं डोळे पुसले. "त्याची आई बाजारात भेटली, सांगत होती. रस्त्यावर जीपचा आवाज आला, की तो उठून दारात येतो."

मी हातातली ट्यूब खाली ठेवली.

चाचांनी दोन्ही कुलपं काढून माझ्या भंगारात टाकली.

"बांध."

रणधीरनं सगळं बांधलं. प्रत्येक वस्तूला सुरगाठ. चाचांनी एकही गाठ तपासली नाही. गुडघे धरत उठले, जीपला वळसा घातला आणि भाल्याच्या सीटवर जाऊन बसले, सामानाकडं पाठ करून.

"थांबा चाचा, गाठी एकदा बघा तरी!"

चाचा समोरच बघत होते.

"तुम्ही कशाला येताय? मी जाईन ना भाल्याकडं एकटा... उद्या नक्की जाईन."

"गाडी काढ," चाचा म्हणाले. "मीसुद्धा अजून गेलेलो नाही."