सातही डाव हरलेले मास्तर

आमच्या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत चौदा देशांचे खेळाडू मी बसवलेत. म्हणजे, खुर्च्या मी लावतो.

यंदा स्पर्धेला चाळीस वर्षं झाली. अध्यक्ष आबासाहेब जगदाळ्यांनी स्मरणिकेसाठी तिचा इतिहास लिहिला. पानोपानी फोटो त्यांचेच, आणि ज्यांनी स्पर्धा सुरू केली त्या टिकेकर मास्तरांचं नावसुद्धा नाही. मी लगेच ती पानं मास्तरांच्या लेकीला, म्हणजे आमच्या मुख्य पंच मृदुलाताईंना नेऊन दाखवली. काडी लावायची खोड जुनीच आहे माझी.

ताई तडक हॉलमध्ये गेल्या. "आबासाहेब, आज हे छापायला जातंय. त्याआधी वडिलांचं नाव घाला."

"अहो, पहिल्या वर्षी सातही डाव हरले ते," सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं हसत आबासाहेब म्हणाले. "हरलेल्या माणसाचं इतिहासात काय काम?"

ताईंनी आवाज चढवला नाही. "हरले, पण स्वतःच्या खेळी खेळून हरले. तुम्ही बावीस वर्षं उद्घाटनाला प्यादं पुढे सरकवता, आणि तुमची पाठ वळली की खेळाडू ते उचलून परत जागेवर ठेवतो. तुमची एक तरी खेळी आजवर पटावर राहिलीय का?"