बायजाच्या रांजणातली धामण

पाहुणे, ओढा ओलांडण्याआधी चपला घट्ट करा. अलीकडच्या शिवारात धामण दिसेल ती हळदीसारखी पिवळी. पलीकडच्या टेकाडावर तीच धामण, पण पोट पिवळं अन् पाठ काळीनिळी. एकाच गावच्या धामणी दोन रंगांच्या कशा, ते असं सांगतात.

फार मागं इथं निळीनं कापड रंगवणाऱ्या रावळोबाचं घर होतं. जत्रेला देवीचं लुगडं रंगवायचा मान त्याचा. हळदीतून काढलेलं लुगडं निळीत बुडवायचं, पण सात दिवस रांजणाचं झाकण उघडायचं नाही. उघडलं की नीळ बिघडते, रंग पुरता धरत नाही. त्या वर्षी लुगडं बिघडलं, तर मान दुसऱ्या घरी जाणार होता.

पाचव्या दिवशी दुपारी सुनेनं, बायजानं, रांजणात धडपड ऐकली. झाकणाच्या फुटक्या कडेतून जनावर आत पडलं होतं. बायजा घटकाभर कानांत बोटं घालून बसली म्हणे. पण धडपड मंदावली, तसं तिच्यानं राहवेना. झाकण काढलं, कोपरापर्यंत हात घातले आणि धामण बाहेर काढली. ती निथळत ओढ्यापार गेली.

झाकण पुन्हा लागलं, पण हातांचं काय? घासून घासून कातडं सोलायची वेळ आली, नीळ हलेना. दोन दिवस ती पदराखाली हात लपवून भाकऱ्या थापत होती. आता हे जमतं कसं, ते मला विचारू नका.

सातव्या दिवशी लुगडं अर्धंच रंगलं. अर्धं काळंनिळं, अर्धं पिवळंच.

"बायजे, हात दाखव," सासरा म्हणाला.

तिनं दोन्ही तळवे पुढं केले. रावळोबानं लुगडं गुंडाळून बाजूला टाकलं.

तरी लुगडं देवळात न्यावंच लागलं. लोक हसू लागले. तेवढ्यात पायरीवर धामण आली, पाठ निळी, पोट पिवळं. बायजा घाबरून तळवे पुढं करून उभी राहिली. धामण थबकली, बायजाकडं बघून सरळ देवीच्या पायाशी वेटोळं घालून बसली.

गुरव म्हणाला, "रावळोबा, आण ते लुगडं इकडं. या धामणीच्या अंगावर घालून देवीनं रंग आधीच पसंत केलाय!"

मान घरातच राहिला. सासऱ्यानं परतताना सुनेला पुढं चालायला लावलं, म्हणतात.

आजही देवीचं लुगडं मुद्दाम अर्धंच रंगवतात. आजही धामण आडवी आली तर इथला माणूस दगड उचलत नाही. तळवे दाखवून उभा राहतो आणि ती आपल्या वाटेनं जाते. तुम्ही खुशाल पळा. मागच्या खेपेचे साहेब पळाले, त्यांची डावी चप्पल त्या बोरीखाली आहे. त्या चपलेवर आता धामण ऊन खात बसते.