धुक्यातली आई

फार पूर्वी एका डोंगरावरच्या गावात धुकं उतरलं की समोरचा माणूस कोण, हे जवळ जाऊन बघावं लागे. त्या गावात भाकरीचा पहिला गोळा घरातल्या सगळ्यात लहान लेकराला थापायला द्यायची रीत होती. का, असं विचारलं की म्हातारी माणसं सांगत, धुक्यात एक बाई फिरते. तिला स्वतःचं रूप नाही, स्वतःचं बोलणं नाही. दाराआड उभी राहून ती घरातलं बोलणं ऐकते आणि तेवढंच शिकते. आईच्या हाताशी बसणारं लेकरू तेवढ्याने फसत नाही.

गावात नव्याने राहायला आलेल्या एका आईला हे सगळं थोतांड वाटे. तिची चार वर्षांची मुलगी पिठाला हात लावू लागली की ती म्हणे, "बस तिथं. मला वेळ नाही." तिचंही खोटं नव्हतं म्हणा, हात दोन आणि कामं छप्पन. मुलगी कोपऱ्यात बसायला शिकली, बाकी काही नाही.

एका सकाळी आई पाणी घेऊन आली, तर चुलीपुढे ती स्वतःच बसलेली. तेच लुगडं, तोच अंबाडा. भाकरी थापणं चालू होतं, पण थापल्याचा आवाज येत नव्हता.

आईने घागर दारातच ठेवली. तिने मुलीला हाक मारली, जवळ घ्यायला हात पसरले. मुलगी भिंतीला चिकटली. तिची आई असं कधी करत नसे.

"बस तिथं," चुलीपुढची म्हणाली आणि उठली. मुलीचं मनगट धरून ती धुक्याकडे निघाली. ओळखीचेच शब्द ते, मुलगी निमूट चालू लागली.

आईला रडू फुटलं. दुसरं काही सुचेना, म्हणून परात ओढून ती उंबऱ्यातच बसली आणि भाकरी थापू लागली. मुलगी थबकली. कोपऱ्यातून तिला हे कधी नीट दिसलंच नव्हतं.

"ती गोल कशी होते?" तिने हात धरणारीला विचारलं.

"मला वेळ नाही."

"फिरवत फिरवत थापायची, बाय," आई म्हणाली. "कडेला बोटं हलकी ठेवायची. ये, तू कर."

मुलीने मग प्रश्नांवर प्रश्न विचारले. चिकटत कशी नाही? फाटली तर? धुक्यातलीपाशी उत्तर नव्हतं, कारण त्या घरात तिने कधी उत्तर ऐकलंच नव्हतं. मनगटावरची बोटं गार पडत गेली आणि विरली. मुलगी परातीपाशी येऊन बसली.

आता धुक्याच्या दिवशी आई पाणी घेऊन येते आणि दाराबाहेरच थांबते. मुलगी आतून दरवेळी काहीतरी नवं विचारते. उत्तर पटलं, तरच दार उघडते.

तात्पर्य: लेकराला हाताशी घेतलं की कामाला उशीर होतो, तो होऊ द्यावा. आपण त्याच्याशी जसं वागतो, त्यावरूनच ते आपल्याला ओळखतं.