तार सोडणारी निगुती

ते राज्य आडवे पसरलेले नव्हते, उभे होते. एका खोल, गोल विहिरीच्या आतल्या अंगाला त्याची घरे, बाजार आणि देवळे एकावर एक रचलेली होती, आणि सगळ्यांच्या वर दगडी छत होते. छताच्या कडेच्या झरोक्यांतून उजेड आत येई आणि खाली खाली झिरपत जाई. तळाशी पोचेपर्यंत त्याला मधाचा रंग चढलेला असे. विहिरीच्या मधोमध एक पाळणा वर-खाली फिरे. दूध, धान्य, नवऱ्या मुली, आजारी माणसे, सगळ्यांची ये-जा त्यातूनच होई.

हा पाळणा गाण्यावर चाले. प्रत्येक मजल्याच्या दारापाशी, भिंतीतल्या कोनाड्यात, बोटभर उंचीचा एक राखणदार बसलेला असे. त्याच्या एका हातात खालून आलेली तांब्याची तार असे, दुसऱ्या हातात वर गेलेली. सगळ्यांनी तारा धरल्या की त्यांतून एक बारीक गुणगुण फिरे, आणि त्या गुणगुणीवर पाळणा चाले. दार उघडले की तिथला राखणदार तार सोडून देई. गुणगुण तुटे आणि पाळणा असेल तिथे उभा राही. दार लागले की राखणदार पुन्हा तार धरी. त्यांना एवढेच काम होते, आणि राज्यात कोणी विहिरीत पडल्याचे कुणाला आठवत नव्हते.

निगुती या राखणदारांतली सर्वांत वरची. ती जिथे बसे तिथे मजला नव्हता, दारही नव्हते. शेवटच्या दाराच्याही वर, छताच्या लगत तिचा कोनाडा होता. तिचे एक कोपर विहिरीत बाहेर काढलेले असे. पाळणा कधी शेवटचे दार ओलांडून वर आला, तर त्याचा माथा त्या कोपराला लागणार होता आणि तिच्या हातून तार सुटणार होती. तसे कधी झालेच नव्हते. बाकीच्यांची अंगे दारांनी घासून घासून गुळगुळीत झाली होती. निगुतीच्या कोपरावर धूळ बसली होती.

तिच्या खालच्या दारापाशी कोयंड्या होता. दाराची राखण त्याच्याकडे होती, शिवाय पाळणा वर आला की तार सोडून त्याला थांबवायचे कामही त्याचेच होते. दिवसभराच्या गमती तो वरच्या ताईला सांगत बसे.

"कोयंड्या, कुणी स्पर्श केला की कसं वाटतं रे?" तिने एकदा विचारले.

"आधी ढकलल्यासारखं. मग सुटल्यासारखं. तू मनाला लावून घेऊ नकोस, ताई. तुला कुणी शिवत नाही म्हणून तर आम्ही निवांत असतो."

निगुती हसली. पण एकटी असली की तिला वाटे, एकदा, फक्त एकदा, कुणीतरी यावे. आणि असे वाटले की ती स्वतःवरच चिडे, कारण तिच्याकडे कुणी येणे म्हणजे काय, हे तिला पक्के ठाऊक होते.

त्या राज्याच्या प्रधान होत्या त्वरिताबाई. सडपातळ, चपळ, बोलायला गोड. त्यांच्या लक्षात आले की पाळणा सारखा थांबतो. कुठे म्हातारा दारात रेंगाळतो, कुठे पोते अडकते, आणि तेवढ्यासाठी सगळे राज्य ताटकळते. महाराजांना तर थांबणे मुळीच सोसत नसे. तेव्हा त्वरिताबाईंनी एक युक्ती काढली. त्यांनी रेशमात गुंफलेल्या तांब्याच्या सुंदर पट्ट्या करवून घेतल्या आणि वाजतगाजत एकेका दारापाशी गेल्या.

"आजवर तुम्ही फार कष्ट उपसलेत," त्या प्रत्येक राखणदाराला म्हणाल्या. "धरा, सोडा, धरा, सोडा. आता सोडायची गरज नाही. हा राज्याने केलेला तुमचा सन्मान आहे."

असे म्हणून त्या दोन्ही तारा त्याच्या मुठींशी पट्टीने घट्ट बांधत. लोक टाळ्या वाजवत. कोयंड्याला जांभळी पट्टी मिळाली. तो ती वळून वळून पाहत राहिला.

निगुतीपर्यंत मात्र कुणी आले नाही. जिथे दार नाही तिथे राखणदार असेल, हे कुणाच्या ध्यानात राहिले नव्हते. सन्मानसुद्धा आपल्याला वगळून गेला, याचे तिला वाईट वाटले. तिने आपल्या तारा पूर्वीसारख्याच हाताने धरून ठेवल्या.

आता गुणगुण कधी तुटेनाशी झाली आणि पाळणा न थांबता फिरू लागला, शेवटच्या दाराशी मंदावून आपोआप परत उतरू लागला. लोक खूश होते.

मग एका सकाळी सुंद्रा फुलवालीने वरचे दार ढकलले. पाळणा समोर आला की दार ढकलायचे, म्हणजे तो तिथेच थांबतो, हे तिच्या अंगवळणी पडले होते. डोक्यावर टोपली, तोंडात गाणे, अशी ती पाय पुढे टाकती झाली. पण पाळणा न थांबता खाली निघून गेला होता, दारापलीकडे नुसती पोकळी होती. मागच्या बाईने तिचा पदर धरला म्हणून ती वाचली. टोपली मात्र गेली. शेवंतीची पांढरी फुले विहिरीतून तरंगत, गिरक्या घेत खाली जात राहिली. खालच्या मजल्यांवरच्या मुलांनी हात पसरून ती झेलली. वर काय झाले ते त्यांना कळले नाही.

"ताई," कोयंड्या कापऱ्या आवाजात म्हणाला, "दार माझ्या अंगावरून सरकलं. मला कळलं होतं. मी हात उघडायला गेलो, पण तो उघडलाच नाही गं."

दरबारात सांगितले गेले की फुलवाली वेंधळी होती.

पुढे झरोक्यांच्या उत्सवाचा दिवस आला. तळापासून माथ्यापर्यंत एका दमात, भर वेगाने जायचे, असे महाराजांनी ठरवले. सिंहासन पाळण्यात ठेवले. महाराज बसले, त्यांच्याभोवती दरबारी दाटीवाटीने उभे राहिले, त्वरिताबाई पाळण्याच्या दाराशी राहिल्या. पाळणा निघाला. मजल्यांमागून मजले झरझर खाली पडत गेले, मधाचा उजेड पांढरा होत गेला.

"कोयंड्या, थांबव त्याला!" निगुती ओरडली.

"ताई, सुटत नाहीये!"

पाळणा शेवटच्या दारासमोरून तसाच वर गेला. निगुतीने त्याचा काळा, रुंद माथा आपल्याकडे येताना पाहिला. तिला पळावेसे वाटले, पण तिने कोपर आत घेतले नाही. माथा कोपराला लागला. आधी ढकलल्यासारखे झाले, हाडापर्यंत कळ गेली. मग तार सुटली.

गुणगुण थांबली. आणि इतक्या दिवसांनी लोकांना कळले की ती आजवर चालू होती.

पाळणा छताखाली लटकून राहिला. त्याचा तळ आणि शेवटच्या दाराची वरची चौकट यांच्यामध्ये बाहेर पडायला एक फट राहिली होती. महाराज तिच्यातून मावण्यासारखे नव्हते. त्वरिताबाई मावल्या.

"कुणी हात सोडला ते बघा," महाराजांनी फर्मावले, "आणि बांधून टाका!"

त्वरिताबाई भिंतीतल्या पायऱ्या चढून वर आल्या. त्यांच्या हातात एक उरलेली पट्टी होती. निगुतीला पाहून त्या थबकल्या.

"तू कोण? तुझं दार कुठंय?"

"मला दार नाही, बाई."

"बरं, हात पुढे कर. महाराज खोळंबलेत."

"बांधा," निगुती म्हणाली. तिचे कोपर ठणकत होते. "पण गाणं सुरू झालं की पाळणा ज्या बाजूला निघाला होता त्याच बाजूला जाईल. आधी तुमचा हात तिथं घालून बघा."

पाळण्याचा माथा आणि दगडी छत यांच्यामध्ये त्वरिताबाईंनी हात घातला. बोटे गेली, तळवा गेला, आणि मनगटाशी बांगड्या दगडावर किणकिणून अडकल्या. त्या तशाच उभ्या राहिल्या. पाळण्याच्या पत्र्याच्या माथ्याखालून दरबाऱ्यांचे बोलणे, कुणाचे खोकणे, महाराजांचे पाय आपटणे स्पष्ट ऐकू येत होते.

"झालं का बांधून?" आतून आवाज आला.

त्वरिताबाईंनी हात हळूच काढून घेतला. खाली उतरून त्यांनी वरच्या मजल्यावरच्या लोकांना गोळा केले. पाळण्याचे दोर ज्या मोठ्या चाकावर गुंडाळले जात ते चाक हाताने, सावकाश, उलटे फिरवायला सांगितले. मग त्या कोयंड्यापाशी गुडघे टेकून बसल्या आणि जांभळी पट्टी सोडू लागल्या. पट्टी निघाली, तरी मूठ उघडेना. बोटांना तोच आकार पडला होता. त्वरिताबाईंनी बोटांवर उबदार फुंकर घातली, एकेक बोट चोळले. फार वेळाने करंगळी हलली.

वर दोर कुरकुरला. पाळणा वीतभर खाली सरकला.

"बघा!" महाराज आतून आनंदाने ओरडले. "बांधल्याबरोबर कसा हलला!"

आणि पाळण्यात टाळ्यांचा कडकडाट झाला.