झालंच

त्या मुलुखात पोट भरणं सोपं होतं आणि दिवस घालवणं अवघड. कंदमुळं पायाशी होती, झऱ्याला बारमाही पाणी होतं आणि वाघ म्हातारा होऊन कधीच दुसऱ्या मुलुखात राहायला गेला होता. पळायचं तरी कुणापासून, असा प्रश्न पडे. म्हणून तिथे खेळ करणाऱ्याला मान होता.

खेळ करणारी एकच होती, सारजा नावाची सायाळ. डोंगराच्या कुशीत तिची गुहा होती आणि गुहेत वाळूचा मोठा पट होता. त्या पटावर ती आपल्या अंगच्या काट्याने ओळी लिही. इथे डोंगर, इथे खड्डा, ससा इथून उडी मारणार, खड्ड्यात पडला तर पुन्हा पहिल्यापासून. ओळी नीट उतरल्या की पट जिवंत होई. वाळूतून डोंगर वर येत, ससा उड्या मारू लागे, आणि मुलुखातली पिल्लं आळीपाळीने त्या सशाला नाचवत बसत.

पण पट एकट्या सारजाने जिवंत होत नसे. त्यासाठी चार गडी लागत, आणि चौघं एकाच वेळी जागे लागत. सगळी अडचण तिथेच होती.

पहिला गडी म्हणजे चिंगळ्या उंदीर. सारजाने पंजा हलवला की तो पटावर बरोबर त्या जागी जाऊन उभा राही. कामाचा होता, पण ऐन वेळी त्याचे पाय गळत. मूठभर दाणे पोटात गेल्याशिवाय तो मिशीसुद्धा हलवत नसे.

दुसरा सरडा. रंग भरण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. मात्र झाडाला चारपेक्षा जास्त पानं सांगितली की त्याचं अंग तापे, तो धापा टाकू लागे आणि मग राखाडी पडून डोळे मिटून घेई. त्याच्यासाठी सारजाने कोनाड्यात एक सूप ठेवलं होतं. त्या सुपाने ती त्याला वारा घाली.

तिसरे खेकडेमास्तर. ओळी तपासणं हे त्यांचं काम. शंभर ओळींत एखादं टिंब राहिलं, तरी ते नांगी वर करून सांगत, "चाळीसाव्या ओळीत चूक आहे," आणि झोपी जात. सारजा चाळीसावी ओळ दोन दिवस न्याहाळत बसे. टिंब राहिलेलं असे सातव्या ओळीत. मास्तर खोटं बोलत नसत. ते तिरके चालत, त्यामुळे त्यांचं दाखवणंही तिरकं पडे.

चौथा बाशिंग्या बैल. बाकी सगळं जुळलं की तो रहाट ओढी आणि त्या रहाटावर पट चाले. बाशिंग्या मनाने चांगला होता, फक्त त्याला सुधारण्याची हौस होती. दर आठ दिवसांनी तो काम टाकून नदीवर सुधारायला जाई. "थोडंच राहिलंय," असं म्हणत पाण्यात डुंबून राही. परत आला की अंग चकचकीत दिसे, पण रहाट उलटा फिरवी आणि कालच्या पटाकडे पाहून विचारी, "हे कुणाचं?"

सारजा कुणावर रागवत नसे. चिंगळ्याला दाणे द्यावेत, सरड्याला वारा घालावा, मास्तरांचं टिंब शोधावं, बाशिंग्याचं कपाळ चोळून त्याला कालची ओळख पटवावी. चौथ्याकडे पोचेपर्यंत पहिला पेंगू लागे. तरीही महिन्यातून एखाद्या दुपारी चौघं एकदम जागे होत, आणि तेवढ्या वेळात ती आठवड्याचं काम उरकून घेई.

त्या वर्षी मुलुखाचे पाटील झाले गवा. अंगाने भक्कम होते आणि मनाने वाईट नव्हते. त्यांनी जत्रेच्या दिवशी नवा खेळ हवा असं सांगितलं. झाला नाही तर सारजाने खेळ सोडून कालव्याच्या खणाईवर जायचं, तिचे पंजे त्या कामाला चांगले आहेत, असंही सांगितलं. सारजाने आपल्या पंजांकडे पाहिलं. चिखल उपसायला ते खरोखरच चांगले होते, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

त्यानंतर पाटलांनी कामाला हातभार लावायचं ठरवलं. त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं, त्यामुळे हातभार म्हणजे चौकशी. पहिल्या आठवड्यात त्यांनी निरोप्या बगळ्याला एकदा पाठवलं, दुसऱ्या आठवड्यात रोज पाठवलं. पुढे ते स्वतःच गुहेच्या तोंडाशी येऊन उभे राहू लागले.

"काय सारजाबाई, झालं का?"

सारजा हातातलं टाकून बाहेर येई, अंगावरची वाळू झटकी आणि म्हणे, "झालंच."

हा शब्द त्या मुलुखात खेळ करणारीचाच होता. 'झालं' म्हटलं तर दाखवावं लागतं आणि 'नाही' म्हटलं तर ऐकून घ्यावं लागतं. 'झालंच' म्हटलं की दोन्ही टळतं. पाटील समाधानाने मान हलवून जात. सारजा आत वळून पाही, तोवर चौघं चार कोपऱ्यांत पुन्हा झोपलेले असत. ती दाण्यांच्या मडक्यापासून सुरुवात करी. कपाळ चोळून बैलाचा एक डोळा जेमतेम उघडे, तेवढ्यात बाहेरून हाक येई, "झालं का?"

गुहेला वरच्या अंगाला एक झरोका होता. नवा खेळ पहिला आपल्यालाच मिळावा म्हणून पिल्लं तिथे दिवसभर डोकी खुपसून बसत. खेळ काही दिसत नव्हता. दिसत होती ती चार कोपऱ्यांत धावणारी सारजा. पिल्लं तेच बघत, मध्येच खुसखुसत आणि कंटाळली की खालच्या माळावर पळत.

जत्रेचा दिवस उजाडला. आदल्या दिवशी पट इतका जुळला होता, की सशाने खरंच एक उडी मारली होती. सकाळी सारजाने पाहिलं तर बाशिंग्याची जागा रिकामी. तो नदीवर सुधारायला गेला होता.

सारजा थोडा वेळ पटाकडे बघत बसली. मग तिने काटे विंचरले, काय करावं ते न सुचून कोनाड्यातलं सूप काखेत मारलं आणि माळाची वाट धरली. 'पाटील, झालं नाही,' हे तीन शब्द तिने वाटेत सतरा वेळा म्हणून पाहिले. सतराव्या वेळीही ती 'झालं'च्या पुढे गेली नाही. मागून चिंगळ्या, सरडा आणि मास्तर मुकाट्याने चालत होते. मास्तर अर्थातच तिरके.

माळावर सगळा मुलुख जमला होता. पाटील वडाखाली उभे होते आणि पिल्लांनी मधली जागा अडवली होती. सारजाला पाहताच पाटलांनी नेहमीच्या भरदार आवाजात विचारलं, "काय, झालं का?"

सारजाने तोंड उघडलं. पण तिच्या आधी माळावरची सगळी पिल्लं होती तिथे दगडासारखी थिजली आणि एका सुरात म्हणाली, "झालंच."

मग चार कोपऱ्यांतली चार पिल्लं धपाधप आडवी पडून घोरू लागली.

पाटील चकित झाले. इतकं चटकन आणि इतक्या तोंडांनी उत्तर त्यांना आजवर मिळालं नव्हतं. सारजाने जवळच्या सशाच्या पिल्लाला, शेवंतीला, हे काय आहे ते विचारलं. शेवंतीने ठसक्यात समजावलं. चार कोपऱ्यांत चार गडी झोपतात. एकीने सारजाबाई व्हायचं. एकाला दाणे द्यायचे, एकाला वारा घालायचा, एकाचं टिंब म्हणजे मातीत लपवलेला खडा, तो शोधायचा, एकाचं कपाळ चोळायचं. चौघं एकदम जागे झाले की जिंकलं. पण पाटलांनी 'झालं का' विचारलं की सगळ्यांनी थिजायचं, 'झालंच' म्हणायचं, आणि जागे असतील त्यांनी पुन्हा झोपायचं. आजवर कुणीच जिंकलेलं नाही, असंही तिने अभिमानाने सांगितलं.

पाटील हसत म्हणाले, "वा, सारजाबाई. छान केलात खेळ."

पदरात पडत होतं ते घेऊन गप्प बसणं सोपं होतं. सारजाला ते जमलं नाही. ती म्हणाली, "पाटील, हा मी केलेला नाही. माझा खेळ झालाच नाही."

कालव्याच्या बाजूने ओल्या चिखलाचा वास आला. तेवढ्यात शेवंतीने मान वर करून विचारलं, "मग तुम्ही आत रोज काय खेळत होता?"

सारजाने काखेतल्या सुपाकडे पाहिलं, आणि पाटलांनीही. मग पाटील म्हणाले, की कालव्याचं नंतर पाहू, आधी एक डाव होऊ दे. 'झालं का' विचारायचं काम ते स्वतःच करतील, दुसऱ्या कुणाला ते जमायचं नाही.

डाव सुरू झाला. सारजाच बाई झाली. तिने वारा घालावा, दाणे द्यावेत, आणि पाटलांनी विचारावं, "झालं का?" शंभर तोंडं म्हणत, "झालंच," आणि कोपऱ्यात धपाधप आवाज होई. पाटलांना अशी गोडी लागली की ते दम न घेता विचारू लागले. मास्तर कडेने बघत होते. आपलं सोंग घेतलेलं पिल्लू सरळ चालतंय, अशी त्यांची तक्रार होती. नदीवरून बाशिंग्या आला, चकचकीत अंगाने गर्दीत उभा राहिला आणि त्याने विचारलं, "हे कुणाचं?"

दुपार चढली. विचारून विचारून पाटलांचा घसा सुकला. ते वडाच्या सावलीत बसले, मग कलंडले. "झालं..." एवढंच त्यांच्या तोंडून आलं आणि ते घोरू लागले.

माळ एकदम गप्प झाला. सारजाने पंजा ओठांवर ठेवला. तिने पहिल्याच्या हातात दाणे दिले, तो उठला. दुसऱ्याला सुपाने वारा घातला, तो उठला. मातीतलं टिंब बोटाला लागलं. चौथ्याचं कपाळ चोळलं, त्याने डोळे उघडले. चार कोपऱ्यांत चौघं उभे होते. मास्तरांनी सगळा माळ तिरका तिरका तपासला आणि नांगी खाली ठेवली.

तेवढ्यात वडाखाली पाटलांच्या पापण्या हलल्या, ओठ थरथरले.

सारजा चवड्यांवर चालत तिथवर गेली आणि काखेतलं सूप काढून त्यांची झोप मोडू नये म्हणून हलके हलके वारा घालू लागली.