भिवराईचा दोर

माळावर अजून एकही विहीर नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. वाखेवाडीत तेव्हा घरोघरी दोर वळायचे. घायपाताची पानं कुजवून त्यातला धागा काढायचा, त्याला वाख म्हणतात. वाखाचे पेड पिळायचे आणि पेडांचा दोर करायचा. सगळी वाडी चिंचेखाली एकत्र कामाला बसे. नवरा गेल्यापासून हे काम भिवरा बघायची.

काम चालायचं, पण त्यात कोणाचा जीव नव्हता. बाजारात दोर वजनावर जाई, म्हणून माणसं आत सडका वाख भरत आणि वरून चांगला गुंडाळत. भिवरा ओरडायची. तिने पाठ फिरवली की पुन्हा तेच. हळूहळू गिऱ्हाईक तुटलं. काही घरं वाडी सोडून गेली.

अशात एक दिवस येल्लप्पा वडार आला. माळावरची पहिली विहीर तो खणत होता. त्याने दोर हातात घेतला, बोटांनी दाबत दाबत टोकापर्यंत गेला आणि म्हणाला, "बाई, यावर लटकून मी आत उतरणार. तुम्ही उतराल का?"

भिवराने तो दोर त्याच्या हातून परत घेतला. येल्लप्पा तसाच परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दिसायला सगळ्यात चांगला दोर खांद्यावर घेतला आणि साऱ्या वाडीला विहिरीवर नेलं. दोर कमरेला बांधला, दुसरं टोक त्यांच्या हाती दिलं आणि मला सोडा म्हणाली. माणसं नको नको म्हणत राहिली. ती ऐकेना. ती काठावरून खाली सरकली.

निम्म्यावर एक पेड तुटला. मग दुसरा. दोरात काय भरलंय, ते वर धरणाऱ्यांनाच ठाऊक होतं. त्यांनी हलक्या हाताने, श्वास रोखून तिला वर घेतलं. सदबा हा वाडीतला सगळ्यात कामचुकार. तो रडत म्हणत होता, तो पेड माझाच.

भिवरा कोणाला रागावली नाही. लागलेली धाप ओसरल्यावर ती बोलली, "आपण दोर विकायला बसत नाही. खाली गेलेला माणूस वर यावा म्हणून बसतो. हे ज्याला पटेल त्याने उद्या यावं."

दुसऱ्या दिवशी सगळे आले. त्यानंतर कोणावर नजर ठेवावी लागली नाही. बाया सडका वाख आपणहून बाजूला काढू लागल्या. म्हातारी माणसं पीळ कुठे ढिला पडतो ते दाखवू लागली. सदबाने तर एकदा पुरा झालेला दोर उकलला, मधला एक पेड मनासारखा नव्हता म्हणून. येल्लप्पाने त्यांचाच दोर नेला. मग लांबलांबून माणसं वाखेवाडीचा दोर मागत आली, आणि गेलेली घरं परतली.

माळावरच्या त्या विहिरीला पाणी लागलं त्याच दिवशी तिची एक बाजू ढासळली. येल्लप्पा आणि त्याची माणसं आत होती. ती सगळी एका दोराला धरून लोंबकळली, आणि वाडी वरून ओढू लागली. असं म्हणतात, वरचं लाकडी चाक दुभंगलं, खांब वाकला, दगडावर घासून दोरातून धूर निघाला. दोर झिजत झिजत करंगळीएवढा झाला, पण तुटला नाही. शेवटचा माणूस काठावर आला आणि मगच दोर राख होऊन गळाला. बघणारे सांगत की भिवरा तेव्हा सगळ्यांच्या पुढे होती, आणि तिच्या हातांना साधा फोडही आला नाही.

पुढे म्हातारपणी ती चिंचेखालीच, वाख निवडताना गेली. तोवर सगळा मुलूख तिला भिवराई म्हणू लागला होता.

आता विहिरींवर मोटारी आल्या, बाजारात नायलॉनचे दोर आले. तरी त्या भागात गाळ काढायला विहिरीत उतरणारा आधी भिवराईचं नाव घेतो. आणि तो वर येईपर्यंत काठावरचं कोणी खाली बसत नाही.