गोल कोपऱ्यांचं ठिगळ

एकदा एका खाडीच्या मुखाशी एक वृद्ध कारागीर राहत होता. तरुणपणी त्याने लाकडी होड्या बांधल्या; पुढे फायबरच्या बोटी आल्या, तेव्हा पन्नाशीत तो ती नवी विद्याही शिकला. त्याचा शब्द काठावर प्रमाण मानला जाई. लोक त्याच्याकडे गळक्या बोटी आणत आणि बोटींबरोबर आपली भांडणेही आणत.

त्याच्याजवळ एक शिष्या होती. पदवी घेऊन शहरातून परतलेली, हाताने चपळ, तोंडाने तिखट. पहिल्याच दिवशी त्याने तिला शिकवले होते, "ठिगळाचे कोपरे गोल काप. टोकदार कोपरा आधी उचकटतो." काठावर दुसरा कोणीही कारागीर एवढा वेळ घालवत नसे.

एके सकाळी एक व्यापारी ट्रॉलीवर जुनी जेट बोट घेऊन आला. अशा बोटीला बाहेर पंखा नसतो. तळाच्या जाळीतून ती पाणी ओढते आणि मागून जोराने फेकते, म्हणून उथळ खाडीतही पळते. बोटीला नुकताच पांढरा रंग दिला होता, तरी दोघांनीही ती ओळखली.

अकरा महिन्यांपूर्वी हीच बोट भर खाडीत बुडाली होती. समोरच्या बेटावरची आरोग्यसेविका तीत होती, ती गेली. बोट चालवणारा भिवा पोहून वाचला, आणि वाचला हाच त्याचा गुन्हा ठरला. "मी खडकाला लागलो नाही, पाणी खालून आलं," असे तो देवळापुढच्या सभेत पुन्हा पुन्हा सांगत राहिला. सभेने शेवटी या वृद्धाला विचारले. तो म्हणाला, "तळ फुटलाय. याहून जास्त मला सांगता येत नाही." लोकांनी हवा तो अर्थ लावला: भिवा पिऊन खडकावर आदळला. त्या दिवसापासून भिवाच्या हाती कोणी बोट दिली नाही. तो जेटीवर मासळी निवडून पोट भरत असे, आणि जाणारेयेणारे त्याला ऐकू जाईल अशा आवाजात दारूचे विनोद करत.

"तात्या, सोमवारी गिऱ्हाईक येतंय," व्यापारी म्हणाला. "खाडीच्या वरच्या अंगाची शाळा आहे, मुलांची ने-आण करायचीय. बाहेरून बघा, कशी नवरीसारखी दिसते. आतून तेवढं बघून घ्या."

"नवरीचं पहिलं लग्न सांगितलंत का त्यांना?" शिष्येने विचारले.

"ही फार बोलते हो, तात्या."

"बोलते," एवढेच वृद्ध म्हणाला. त्याने बोट ठेवून घेतली.

तीन दिवस शिष्येने बोट कोरडी केली. कानाकोपऱ्यातले पाणी चिंध्यांनी टिपले, उन्हात तापवली. चौथ्या दिवशी वृद्धाने पाण्याच्या पिंपात कपड्यांची नीळ कालवली आणि बादली तिच्या हाती दिली.

"ओत."

"कुठे?"

"बोटीत."

"तात्या, डोकं ठिकाणावर आहे ना? तीन दिवस चिंध्या पिळतेय मी!"

"वीतभर पाणी होईपर्यंत ओत. मग खाली जाऊन उताणी पड, आणि तोंड बंद ठेव. डोळे उघडे ठेव."

ती चरफडत ओतत राहिली आणि चरफडतच ट्रॉलीखाली सरकली. बराच वेळ काहीच झाले नाही. मग जाळीच्या कडेला, पांढऱ्या तळावर, एक निळा ठिपका उमटला. त्याच्या शेजारी दुसरा. पाहता पाहता बोटभर लांबीची एक निळी रेघ उमटली आणि एक थेंब तिच्या गालावर पडला.

"सापडली!" ती ओरडली.

"खाडीत असताना भेग पाणी पिते, आणि आत सगळीकडे पाणीच असतं, मग शोधणार कुठे?" वरून आवाज आला. "तिला कोरड्यावर आणून आतून पाणी पाजलं, की ती आपण होऊन सांगते."

त्यांनी पाणी काढून टाकले. भेगेची आतली बाजू पाहण्यासाठी शिष्येने मागच्या फळीचे स्क्रू काढले. फळीखाली, नेमकी त्या रेघेवर, फायबरची एक जुनी पट्टी एका कडेने लोंबत होती. तिने ती हलकेच ओढली. पट्टी हातात आली.

तिचे चारही कोपरे गोल होते.

शिष्येने पट्टी उजेडात धरली आणि विचारले, "हे कोणी लावलं?"

"कोपरे तुला दिसतायत."

"तोंडानं सांगा."

वृद्ध खाली बसला. "मी लावलं. ही बोट पहिल्यांदा बेटवाल्यांना विकायच्या आधी हा व्यापारी माझ्याकडेच आला होता. म्हणाला, बाहेर ठिगळ दिसलं तर गिऱ्हाईक फिरतं, आतून लावा. मला काय कळत नव्हतं? बाहेरून लावलेल्या ठिगळाला पाणी स्वतः दाबून बसवतं. आतून लावलेल्या ठिगळाला तेच पाणी रोज ढकलत असतं. वाटलं, चार महिने तरी टिकेल, तोवर बोट कोरड्यावर काढून नीट करू. चूक दिसू नये असं वाटलं की माणूस आतून ठिगळ लावतो, बाय. वरून सगळं गुळगुळीत. पण पाणी थकत नाही. माणूस झोपतो, सणवार करतो, विसरतो. पाणी ढकलतच राहतं."

अशा बोलण्यानंतर शिष्याने गुरूच्या पायांवर डोके ठेवायचे असते. ही ठेवणारी नव्हती.

"छान बोललात," ती म्हणाली. "आणि भिवा?"

वृद्धाने बादलीतली चिंधी उचलून पिळायला घेतली.

"सभेनं तुम्हाला विचारलं होतं. 'तळ फुटलाय' म्हणालात. एक अक्षर खोटं नाही, आणि माणूस मात्र जिवंतपणी पुरलात."

"रोज मनात त्याची माफी मागतो मी."

"मनात! म्हणजे तेही ठिगळ आतूनच."

"माझ्या शब्दावर हे दुकान चालतं. तुझंही पोट त्यावरच आहे."

"माहीत आहे मला. उठा."

"उद्या सकाळी—"

"जेटीवर लिलाव आत्ता चाललाय. माणसं आत्ता आहेत."

तिने पट्टी त्याच्या हातात ठेवली आणि ती पुढे चालू लागली. वृद्धाने भिंतीचा आधार घेतला, उठला, तिच्यामागून निघाला. गुरू मागे आणि शिष्या पुढे, असे त्या काठाने पूर्वी पाहिले नव्हते.

जेटीवर मासळीचा लिलाव ऐन रंगात होता. व्यापारीही तिथेच उभा होता. वृद्धाला पाहून लोकांनी वाट करून दिली. त्याने पट्टी वर धरली आणि सगळे सांगितले: कोणाच्या सांगण्यावरून लावली, कशी लावली, सभेत काय गाळले. "भिवा खडकाला लागला नव्हता," तो म्हणाला. "बाईंचा जीव माझ्या कामानं गेला."

लिलावाचा आवाज थांबला. व्यापारी पुटपुटला, "म्हातारपणात माणूस काहीही बोलतो."

"शाळेला मी वाटेतच फोन केलाय," शिष्या त्याला म्हणाली. "कुठली बोट ते सांगितलंय. तुम्ही आता घरी जा."

सर्वांचे डोळे भिवाकडे वळले. तो टोपल्यापाशी बसला होता. त्याने हातातला बांगडा बाजूला ठेवला, हात फडक्याला पुसले.

"माझ्या आयेक सांगितलात?" त्याने विचारले.

वृद्धाला प्रश्न कळला नाही. "तुझी आई गेली ना रे, ज्येष्ठात."

"होय. गेली," भिवा म्हणाला. "जाईपर्यंत विचारी, 'खरा सांग बाबा, तू पियालेलो होतस?' मी नाय म्हणी. ती मान हलवी. तुमचो शबुद मोठो होतो ना, तात्यानु. माझ्यापेक्षा मोठो."

एवढे बोलून त्याने पुन्हा बांगडा उचलला.

कोणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही, मानही वर केली नाही. वृद्ध हात जोडून उभा राहिला. ते हात हातात घ्यायला कोणी पुढे आले नाही. थोड्या वेळाने लिलाव हळूहळू सुरू झाला, बोलणे वाढले, आणि त्या गर्दीत त्याच्यासाठी आता कोणी वाट करून देत नव्हते.

शिष्येला वाटले होते, सत्य बाहेर आले की आपल्याला हायसे वाटेल. तसे काही झाले नाही. तिला इतकेच समजले, की खरे बोलायलाही एक वेळ असते, आणि ती वेळ एका म्हातारीबरोबर ज्येष्ठातच निघून गेली होती.

ज्यांच्या मौनालाही लोक साक्ष मानतात, त्यांनी उद्यावर काहीही ठेवू नये.